मनी कुठे गेली?

पाळलेली मांजर मेली की घरातली मोठी माणसे मुलांना एक ठरलेले वाक्य सांगतात: "अरे, ती कुठेतरी निघून गेली असेल. येईल चार दिवसांनी." कोणी तिला मामाच्या गावी पाठवतो, कोणी दूधवाल्याच्या गोठ्यात. तोवर परसातल्या कोपऱ्यात खड्डा बुजवून झालेला असतो आणि साऱ्या आळीला तो ठाऊक असतो. ठाऊक नसतो तो फक्त त्या मुलाला, ज्याच्या पांघरुणात ती मांजर रोज झोपत असे. हे वाक्य मायेपोटी बोलले जाते याविषयी मला शंका नाही. तरीही विद्यार्थी मित्रहो, आणि विशेषतः शिक्षक बंधुभगिनींनो, ते बोलू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे केवळ भावनेची नाहीत. बरीचशी विज्ञानाची आहेत आणि एक-दोन तर जिवावर बेतणारी आहेत.

आमच्या पदार्थविज्ञानात एक मांजर फार प्रसिद्ध आहे. एर्विन श्रोडिंगर या शास्त्रज्ञाने १९३५ साली पुंजयामिकीतली एक अडचण दाखवण्यासाठी बंद पेटीतल्या मांजराची कल्पना मांडली. पेटी उघडून पाहीपर्यंत ते मांजर जिवंतही धरावे लागते आणि मृतही, असे गणित सांगू लागते, आणि हे किती विचित्र आहे तेच त्याला दाखवायचे होते. (प्रत्यक्षात त्याने कोणत्याही मांजराला पेटीत कोंडले नव्हते. हे मी वर्गात दरवर्षी सांगतो, कारण दरवर्षी कोणीतरी विचारतेच.) 'निघून गेली' म्हणून सांगितलेली मांजर मुलाच्या मनात नेमकी त्या पेटीत जाऊन बसते. ती मेली असे म्हणता येत नाही, म्हणून रडता येत नाही. ती आहे असेही म्हणता येत नाही. मूल महिनोन्महिने सायंकाळी दारात उभे राहून हाका मारत राहते.

या वाक्याला एका जुन्या समजुतीचा आधार मिळतो. मांजर घरात मरत नाही, तिला आपले मरण आधी कळते, म्हणून ती दूर निघून जाते, असे आपल्याकडे म्हणतात. यात निरीक्षण बरोबर आहे, अर्थ तेवढा चुकीचा आहे. आजारी मांजर लपते हे खरे. पऱ्हाट्यांच्या ढिगामागे, माळ्यावर, कोठीच्या सांदीत ती अंग चोरून बसते. पण ती मरायला गेलेली नसते. मांजर हा एकट्याने शिकार करणारा लहान प्राणी आहे आणि कुत्र्यासारख्या मोठ्या प्राण्यांचे तो स्वतः भक्ष्यही होतो. अंगात बळ नसताना उघड्यावर बसणे म्हणजे शत्रूला आमंत्रण, म्हणून अशक्त मांजर आडोसा शोधते. पुष्कळदा हा आजार बरा होण्याजोगा असतो. 'तिचे मरण तिला कळले' असे म्हणून आपण हात जोडून बसतो आणि उपचाराचा वेळ त्या सांदीत निघून जातो. तेव्हा मांजर लपू लागली की तिला शोधावे, हा पहिला नियम.

आता त्या वाक्याने होणारा खरा घात पहा. समजा, तीन महिन्यांचे एक पिल्लू दोन दिवस ओकले, जुलाब झाले, पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसले पण पाणी प्यायले नाही, आणि तिसऱ्या दिवशी गेले. मुलाला सांगितले, 'निघून गेली.' मूल हिरमुसले म्हणून आठ दिवसांत शेजारून दुसरे पिल्लू आणून दिले. तेही दहा-बारा दिवसांत तसेच गेले. मग लोक म्हणतात, या घराला मांजर लाभत नाही! आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हे वाक्य मी वणीपासून पुसदपर्यंत ऐकले आहे.

घर दोषी नसते. ही लक्षणे बहुधा पॅनल्यूकोपेनिया या रोगाची असतात. नाव लांबलचक असले तरी अर्थ सोपा आहे: पांढऱ्या पेशींची सर्वांगीण तूट. याचा विषाणू सुमारे २० नॅनोमीटर व्यासाचा असतो, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेषेवर असे ५० हजार विषाणू शेजारी शेजारी मावतील. त्याला वाढण्यासाठी झपाट्याने विभागणाऱ्या पेशी लागतात. अशा पेशी दोन ठिकाणी भरपूर असतात, आतड्याच्या अस्तरात आणि हाडांतल्या मज्जेत. आतड्याचे अस्तर गळून पडते म्हणून ओकारी व जुलाब. मज्जा निकामी होते म्हणून पांढऱ्या पेशी हजारोंवरून काहीशेंवर येतात आणि पिल्लू कोणत्याही जंतूपुढे निःशस्त्र होते. उपचार न झाल्यास लस न टोचलेल्या पिल्लांपैकी १०० त ९० पर्यंत दगावू शकतात. विषाणूला मारणारे औषध नाही. सलाइन, ऊब आणि दुसऱ्या जंतूंना आवरणारी औषधे देऊन शरीराला लढायला वेळ मिळवून द्यायचा, इतकेच डॉक्टरांच्या हाती असते. पण तेवढ्यानेही बरीच पिल्ले वाचतात. माणसाला हा रोग होत नाही.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. हा विषाणू घरात, फरशीच्या फटीत, गोणपाटात, एक वर्षापर्यंत टिकू शकतो. ५६ अंश तापमानात अर्धा तास ठेवला तरी तो टिकतो. तेथे आपल्या मे महिन्याच्या ४५ अंशांची काय कथा! साबणानेही तो मरत नाही. करोनाच्या साथीत आपण सारे हात साबणाने धूत होतो, कारण त्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि साबण ते फोडतो. या विषाणूला असे आवरणच नाही. साबणाने काय फोडावे? त्याच्यावर चालते ते क्लोरीन. आधी घाण धुऊन काढायची, मग एक भाग घरगुती द्रव ब्लीच व तीस भाग पाणी असे मिश्रण फरशीवर दहा मिनिटे ठेवायचे. घाणीसकट ओतले तर क्लोरीन घाणीवरच खर्ची पडतो. हे काम मोठ्यांनी करावे, आणि त्यात आम्ल किंवा दुसरे कोणतेही सफाईचे द्रव मिसळू नये, विषारी वायू निघतो. गोणपाट, टोपली, खोके जाळून टाकावे. नवे पिल्लू आणायचे तर लस टोचलेले. लस सहा ते आठ आठवड्यांचे असताना सुरू करतात आणि सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुन्हा देतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मांजराची लस असेलच असे नाही, आधी विचारून घ्यावे. पण हे सारे केव्हा होणार? पहिले पिल्लू मेले, आणि कशाने मेले, हे घरात मोकळेपणी बोलले गेले तर.

जवळचेच उदाहरण देतो. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरजवळच्या गोरेवाडा येथील केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. वाघ हा मांजराच्याच कुळातला. तेथे कोणी 'वाघ निघून गेले' असे म्हटले नाही. मृतदेहांतील नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि जानेवारी २०२५ च्या आरंभी उत्तर आले: बर्ड फ्ल्यूचा एच५एन१ विषाणू. त्यामुळे इतर केंद्रांना प्राण्यांच्या खाद्याविषयी सावध होता आले. त्याच सुमारास शेजारच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांतही तो आढळला. कोंबडीच्या दुकानातली कच्ची आतडी मांजरांना घालण्याची आपल्याकडे सवय आहे. ती सोडावी; मांस शिजवून द्यावे.

सत्य मरणानंतर सुरू होत नाही, ते आजारात सुरू व्हायला हवे. मांजर आजारी पडली की मुलांना 'तू जा, अभ्यास कर' म्हणून बाजूला काढतात. माझ्या मते मुलांना तेव्हाच वही द्यावी. आमच्या घरी चौदा वर्षांची एक मांजर होती, तिचे नाव ठकी. ती पाणी जास्त पिऊ लागली तेव्हा माझ्या मुलीने वहीत रकाने पाडले: वजन, पाणी, खाणे, झोपेतला श्वास. निरोगी मांजर झोपेत मिनिटाला साधारण तीसपेक्षा कमी श्वास घेते. घड्याळ समोर ठेवून पोटाची हालचाल मोजता येते. मांजराचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते, म्हणून तिचा हात आपल्याला गरम लागला तरी तो ताप नव्हे. वजनाचे एक गमतीदार त्रैराशिक आहे. काही जण मांजराला उचलून माणसांच्या काट्यावर उभे राहतात आणि स्वतःचे वजन वजा करतात. ज्या काट्याचे लघुतम माप अर्धा किलो आहे, त्याने चार किलोच्या मांजराचे ३०० ग्रॅम घटलेले कळायचे कसे? अकरावीच्या पहिल्या प्रकरणातली चूक! टोपलीत बसवून किराणा दुकानातल्या काट्यावर तोलावे. चार किलोतले ४०० ग्रॅम म्हणजे दहा टक्के, ६० किलोच्या माणसाचे सहा किलो घटल्यासारखे.

गुरगुरण्यावर विसंबू नये. मांजराच्या गुरगुरण्याची वारंवारता सेकंदाला साधारण २५ ते ३० कंपने असते, माणसाच्या कानाच्या अगदी खालच्या मर्यादेजवळ, म्हणून ते ऐकू येते त्यापेक्षा हाताला अधिक जाणवते. ती सुखात असताना गुरगुरते तशी वेदनेतही गुरगुरते. दोन दिवस अन्न न घेतलेली मांजर गुरगुरत असली तरी दवाखान्यात न्यावी, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचून नवाच आजार उभा राहतो. बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसून काहीच होत नसेल तर सकाळची वाट पाहू नये. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत मृत्यू येऊ शकतो.

आणि घरातली गोळी देऊ नये. हे मी मोठ्या अक्षरांत छापावे असे संपादकांना सुचवणार आहे. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराला मारायला पुरते. आपले यकृत एका विकराच्या साहाय्याने या औषधाला ग्लुक्युरोनिक आम्लाशी जोडून बाहेर काढते. केवळ मांसावर जगणाऱ्या मार्जार कुळाला वनस्पतींतली विषे पचवण्याची गरजच पडली नाही, आणि त्या विकराचे जनुक मोडीत निघाले. मांजराच्या रक्तातले हिमोग्लोबिन मग प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, हिरड्या तपकिरी पडतात. याच कारणाने फरशी पुसायचे फिनाइल तिला घातक आहे, आणि कुत्र्यांच्या गोचिडांवरची परमेथ्रिनची औषधेही. कपाशीच्या फवारणीचे डबे घरात ठेवणाऱ्यांना तर हे दुहेरी लागू. आजारी पिल्लाला मायेने पाजलेले गायीचे दूधही जुलाब वाढवते.

ठकीची वही सात महिने चालली. वजन ४.१ किलोवरून ३ वर आले. मूत्रपिंडाचा आजार होता. शेवटी डॉक्टरांनी दोन्ही पर्याय सांगितले, सलाइनने थोडे दिवस वाढवणे किंवा भूल देणाऱ्या औषधाच्या मोठ्या मात्रेने वेदना न होता मरण देणे. आम्ही मुलीला खोलीबाहेर काढले नाही. तिने वहीतली शेवटची पाने डॉक्टरांना दाखवली. चार दिवस खाणे शून्य, दोन दिवस उठणे नाही. निर्णय आम्ही मोठ्यांनी घेतला, तो मुलावर टाकायचा नसतो. पण तो कशावरून घेतला ते तिला दिसले.

त्या रात्री तिने विचारलेला प्रश्न जवळपास प्रत्येक मूल विचारते: "मी आधी लक्ष दिले असते तर?" याचे उत्तर 'छे, तसे मनात आणू नकोस' असे असू नये. त्याचे खरे उत्तर असते. मूत्रपिंडात कामाच्या गरजेपेक्षा पुष्कळच जास्त गाळण्या असतात. दोन-तृतीयांश निकामी झाल्यावर कुठे तहान वाढते, आणि तीन-चतुर्थांश गेल्यावर रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत दोष दिसतो. शरीर इतके दिवस सांभाळून घेते म्हणूनच 'काल तर बरी होती' असे वाटते. जे दिसतच नव्हते ते न पाहिल्याचा दोष कोणाला लागत नाही. जेथे खरोखर काही करता आले असते, जसे लस टोचणे, तेथे तसे सांगावे. पण तो दोष मुलाचा नव्हे, घरातल्या मोठ्यांचा असतो.

काही वर्षांपूर्वी अकरावीची एक विद्यार्थिनी सुजलेल्या डोळ्यांनी प्रात्यक्षिकाला आली. दोलकाची आंदोलने मोजताना वीसच्या जागी तेवीस मोजत होती. मैत्रिणीने सांगितले, "सर, तिची मांजर मेली." मागच्या बाकावरून कोणी तरी हसले, "मांजरच त होती!" त्याच आपल्या समाजात, हातून मांजर मेली तर काशीला जाऊन सोन्याची मांजर दान करावी लागते अशी समजूत आहे. मारण्याचे पाप एवढे मोठे, आणि ती गेल्याचे दुःख मात्र हसण्यावारी! मी तिचा प्रयोग पुढच्या आठवड्यावर टाकला. शिक्षकांनी याहून फार काही करावे लागत नाही. हसणाऱ्याला गप्प करावे, मुलाला नाव घेऊन विचारावे: काय झाले होते तिला? बोलू द्यावे. हे दुःख आजकालचे लाड नव्हेत. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली, २००४ साली ती जाहीर झाली. माणसाच्या सांगाड्यापासून अवघ्या ४० सेंटीमीटरवर एक मांजर पुरलेले होते. घरची मांजर मेली की प्राचीन इजिप्तमध्ये माणसे भुवया काढून टाकीत, असे हिरोडोटसने लिहून ठेवले आहे.

मृत शरीर मुलांना दाखवावे का? माझे उत्तर होय, पण आधी सांगून. डोळे उघडे असतील, कारण पापणी मिटायलाही स्नायूंना काम करावे लागते. काही तासांत अंग ताठ होईल, कारण स्नायूंना सैल करणारे ऊर्जाद्रव्य संपलेले असते. दीड-दोन दिवसांत ते पुन्हा सैल पडेल. क्वचित प्राण गेल्यावर पाय हलतो, पण तिला आता काही जाणवत नसते. आधी माहीत असले की भीती वाटत नाही.

एका बाबतीत मात्र जवळ जाऊ देऊ नये. मांजर अकारण चवताळली असेल, लाळ गळत असेल, गिळता येत नसेल आणि अशी ती मेली असेल, तर रेबीजची शंका धरून उघड्या हाताने कोणीही शिवू नये. लपवाछपवीचा सर्वांत मोठा धोका येथेच आहे. मोठ्यांनी मांजरीचे मरण मुलापासून लपवले आणि मुलाने ओरडा बसेल म्हणून आठ दिवसांपूर्वीचा ओरखडा मोठ्यांपासून लपवला, तर पुढे काय होईल ते लिहिण्याची गरज नाही. या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्याआधी लस घेतली तर वाचतो, हे पाश्चरने १८८५ साली दाखवून दिले. मांजर चावली किंवा ओरबाडली की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. रेबीजच्या विषाणूला स्निग्ध आवरण असते, येथे साबण उपयोगी पडतो. मग त्याच दिवशी दवाखाना. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची गोष्ट आजी सांगत असेल, पण ती आता इतिहासजमा झाली. सुई दंडात घेतात, आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते.

पुरायचे असेल तर खड्डा चांगला तीन फूट खोल घ्यावा, विहिरीपासून आणि नाल्यापासून दूर. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, उथळ खड्डा कुत्री उकरतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नये, जुन्या सुती कापडात गुंडाळावे. मुलांना माती लोटू द्यावी. धाकट्याने विचारले, आता तिचे काय होईल, तर जे होते तेच सांगावे: जिवाणू आणि कृमी तिच्या शरीराची माती करतील, वर्षभरात हाडे उरतील, पुढे तीही विरतील. आमच्या धाकट्याने त्यावर एवढेच विचारले होते, "मग तिथे काही लावू नये का?" आम्ही जास्वंद लावली. दोन उन्हाळे तिला पाणी घालण्याचे काम त्याच्याकडेच होते.